परग्रहावरचा वकील : विज्ञान कादंबऱ्यांतली मुत्सद्देगिरी

एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या 1898 सालच्या कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. मंगळावरून आलेलं एक भलंमोठं नळकांडं इंग्लंडमधल्या माळरानात रुतून बसलंय. आतले प्राणी दिसायला कसेही असले तरी बुद्धिमान आहेत, एवढं लोकांच्या लक्षात आलंय. मग काही जाणती माणसं घाईघाईत विचारविनिमय करतात आणि ठरवतात, की आपणही बुद्धिमान आहोत हे पाहुण्यांना कळवायला हवं. अंधार पडता पडता त्यांचं शिष्टमंडळ खड्ड्याच्या दिशेने निघतं. पुढे एकाच्या हातात पांढरा झेंडा. तो एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हलतोय. खड्ड्यातून लखलखाट होतो आणि शिष्टमंडळातला एकेक माणूस उभ्या जागी पेटतो.

शाळेत असताना हे वाचलं तेव्हा मला मंगळवासीयांचा राग आला होता. बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचताना प्रश्न पडला, की पांढरा झेंडा म्हणजे 'आम्ही लढायला आलेलो नाही' हे त्यांना कुणी सांगितलं होतं? झेंड्याचा अर्थ कापडात नसतो. तो दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेला असावा लागतो. इथे तशी मान्यता घ्यायची सोयच नव्हती.

विज्ञान कादंबऱ्या म्हटलं की आपल्याला याने, लेझर, यंत्रमानव आठवतात. पण या साहित्याचा एक मोठा आणि फार सुंदर भाग वाटाघाटींबद्दल आहे. ज्याची भाषा, शरीर, भीती, लाज यातलं काहीच आपल्यासारखं नाही, त्याच्याशी करार करायचा कसा? आणि केलेला करार तो पाळेल, हे मानायचं कशाच्या जोरावर?

त्याआधी, प्रत्यक्षातली मुत्सद्देगिरी कशावर उभी असते ते थोडक्यात पाहू. मराठीत पूर्वी दुसऱ्या दरबारी नेमलेल्या प्रतिनिधीला 'वकील' म्हणत. 'वकिलात' हा शब्द त्यातूनच आला. 'शिष्टाई' म्हटलं की आपल्याला कौरवांच्या सभेत गेलेला कृष्ण आठवतो. बोलणी फिसकटल्यावर दुर्योधन त्याला बांधायला निघतो आणि सभा हादरते, कारण दूताला हात लावायचा नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हीच जुनी समजूत 1961 च्या व्हिएन्ना करारात कायद्याच्या भाषेत लिहिलेली आहे. राजदूताला अटक करता येत नाही, यजमान देशाच्या पोलिसांना परवानगीशिवाय वकिलातीत शिरता येत नाही, वकिलातीची सीलबंद टपालथैली उघडता येत नाही. माणूस नकोसा झालाच तर कारण न देता 'परत न्या' असं सांगता येतं, पण तेवढंच.

हे नियम पाळायला लावणारं जगाचं पोलीसदल नाही. तरी ते बहुतेक वेळा पाळले जातात, कारण तुमचा माणूस माझ्या राजधानीत आहे आणि माझा तुमच्या. याला परस्परता म्हणतात. पण परस्परता चालायला काही गोष्टी दोघांकडे समान असाव्या लागतात. दोघांनाही मरणाची भीती हवी. शब्दांचा अर्थ साधारण सारखा लागायला हवा. निरोप वेळेत पोचायला हवा. चांगला विज्ञानकथाकार नेमकी यातली एखादी गोष्ट काढून घेतो आणि इमारत कुठून कलते ते पाहत बसतो.

निरोपाला लागणारा वेळ

पहिली गोष्ट अंतराची. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं युद्ध थांबवणाऱ्या तहावर 24 डिसेंबर 1814 ला बेल्जियममधल्या घेंट शहरात सह्या झाल्या. बातमी जहाजाने निघाली. ती पोचण्याआधीच 8 जानेवारी 1815 ला न्यू ऑर्लीन्सला मोठी लढाई झाली आणि माणसं मेली. त्या काळात राजदूताला राजधानीला विचारून निर्णय घेणं शक्य नसे. तो तिथल्या तिथे ठरवत असे आणि ते त्याच्या देशावर बंधनकारक होऊन बसे. तारायंत्र आलं आणि राजदूताचं हे स्वातंत्र्य आटत गेलं.

विज्ञान कादंबरी ते अंतर पुन्हा आणते, तेही किती पटींनी. पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायला, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे प्रश्न विचारून उत्तर मिळवायचं तर साडेआठ वर्षं गेली. तोवर प्रश्न विचारणारं सरकार गेलेलं असेल.

अर्सुला ले ग्विन यांनी 1966 च्या 'रोकॅनन्स वर्ल्ड' मध्ये यावर एक उपाय शोधला. ॲन्सिबल नावाचं यंत्र. त्यातून निरोप कितीही अंतरावर तत्काळ पोचतो, माणूस मात्र पोचत नाही. माणसाला प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगानेच प्रवास करावा लागतो आणि तेवढ्यात घरी पिढ्या उलटतात. पुढे कित्येक लेखकांनी हा शब्दच उचलला. मला यातली मेख फार आवडते. दूत मायदेशाशी बोलू शकतो, पण मदत येऊ शकत नाही. सल्ला मिळतो, संरक्षण मिळत नाही. ज्या घरातून तो निघाला ते घर तर उरलेलंही नाही.

एकटाच का पाठवला?

ले ग्विन यांची 1969 ची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी या विषयावरची माझ्या मते सर्वांत खोल कादंबरी आहे, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त थांबतो. कथानक थोडं उघड करावं लागेल.

एक्युमेन नावाचा 83 ग्रहांचा एक संघ आहे. तो कुणावर राज्य करत नाही. व्यापार, ज्ञान आणि विचारांची देवाणघेवाण जुळवून देतो. या संघाचा दूत गेन्ली आय हा गेथेन नावाच्या गोठलेल्या ग्रहावर येतो. वय तिशीच्या आत, पण प्रवासात काळ असा ताणला गेलाय, की पृथ्वीवर त्याचा जन्म होऊन शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. सोबत सैन्य नाही, रक्षक नाही, सहायकही नाही. त्याचे सहकारी कक्षेतल्या यानात गाढ झोपेत ठेवलेले आहेत. त्यांना तो बोलावू शकतो, पण ग्रहाचं आमंत्रण मिळाल्यावरच.

गेथेनच्या माणसांना कायमचं लिंग नाही. महिन्यातले काही दिवसच ती स्त्री किंवा पुरुष होतात आणि दर वेळी काय होतील ते ठरलेलं नसतं. गेन्लीला ते पचत नाही. समोरच्याच्या वागण्यात त्याला कधी पुरुष दिसतो, कधी बाई, आणि बाई दिसली की त्याच्या मनात संशय येतो. लेखिकेने हा दोष थेट नायकाच्या, म्हणजे दूताच्या, डोळ्यांत ठेवलाय.

आता एक प्रसंग जवळून पाहा. कारहाइड राज्याचा पंतप्रधान एस्त्रावेन गेन्लीला रात्री घरी जेवायला बोलावतो. इतके महिने राजाकडे गेन्लीची बाजू मांडणारा हाच माणूस. शेकोटी पेटलेली आहे, जेवण चांगलं झालंय. आणि एस्त्रावेन शांतपणे सांगतो, की राजापुढे तुझी बाजू आता मला मांडता येणार नाही. गेन्लीला वाटतं, याने ऐन वेळी हात वर केले. तो आतून थिजतो, मनातल्या मनात त्याला बेभरवशाचा ठरवतो. दुसऱ्या दिवशी कळतं, की एस्त्रावेनलाच देशद्रोही ठरवून हद्दपार केलंय आणि देश सोडायला 3 दिवस दिलेत. आदल्या रात्री तो गेन्लीला सावध करत होता. तुझ्याशी माझं नाव जोडलेलं राहिलं तर तूही बुडशील, असं सुचवत होता.

मग सरळ का नाही सांगितलं? कारण तिथे 'शिफग्रेथोर' नावाची गोष्ट आहे. मान, आब, प्रतिष्ठा, पत या सगळ्यांची मिळून होणारी एक काटेकोर आचारपद्धती. बरोबरीच्या माणसाला उघडपणे सल्ला देणं हा त्यात त्याचा अपमान होतो. एस्त्रावेनने गेन्लीचा मान राखला. गेन्लीला त्यात फसवणूक दिसली. मी पहिल्यांदा वाचताना पूर्णपणे गेन्लीच्याच बाजूने होतो. एस्त्रावेनचा मला इतका संशय आला होता, की तीच पानं दुसऱ्यांदा वाचताना लाज वाटली. सगळ्या सूचना तिथे समोर छापलेल्या होत्या.

मानापमान ही फालतू गोष्ट वाटत असेल तर खरा इतिहास बघा. व्हिएतनाम युद्ध थांबवायची पॅरिसमधली बोलणी 1968 च्या अखेरीला टेबलाच्या आकारावर अडली आणि जानेवारी 1969 पर्यंत अडूनच राहिली. टेबलाला चार बाजू असत्या तर चार स्वतंत्र पक्ष आहेत असं मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि त्यातल्या एका पक्षाचं अस्तित्वच दुसऱ्याला मान्य नव्हतं. शेवटी एक मोठं गोल टेबल आणि बाजूला दोन छोटी टेबलं असा तोडगा निघाला. समोरच्याला कोण म्हणून बसवायचं, हा तिथे लाकडाच्या आकारात लपलेला खरा वाद होता.

गेन्ली पुढे शेजारच्या ऑर्गोरेनमध्ये जातो. तिथे सगळं सुरळीत आहे. उबदार घरं, हसतमुख अधिकारी, नीट ठेवलेल्या नोंदी. आणि याच सुरळीत देशात एका रात्री त्याला उचलून श्रमछावणीत टाकतात. त्याला तिथून सोडवतो तो एस्त्रावेन. मग दोघंच, एक स्लेज ओढत, सुमारे 80 दिवस बर्फाच्या पठारावरून चालत जातात. एका तंबूत, एका शेगडीच्या उजेडात. कादंबरीतली खरी बोलणी इथे होतात.

याच वाटेवर गेन्लीला एका प्रश्नाचं उत्तर सापडतं, की आपल्याला एकटंच का पाठवलं. एकटा माणूस आक्रमण वाटत नाही, हे तर आहेच. पण एकटा असल्यामुळे तो तुमचं जग बदलू शकत नाही, तुमचं जग मात्र त्याला बदलू शकतं. त्याला बोलण्याइतकंच ऐकावंही लागतं. जे नातं जुळतं ते दोन माणसांचं असतं, 'आम्ही' आणि 'ते' असं नसतं. जगातल्या कुठल्याही परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत हे कारण सापडणार नाही. पण ज्या तहांमागे दोन थकलेल्या माणसांची खासगी ओळख होती, ते आठवून पाहिले तर ते पटतं.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ होते. 'याही' नावाच्या मूळ अमेरिकी जमातीतला शेवटचा उरलेला माणूस, इशी, 1911 मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. त्याच्यासोबत काम करणाऱ्यांत क्रोबर होते आणि पुढे ले ग्विन यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, त्याच्यावर पुस्तक लिहिलं. आपली भाषा समजणारा एकही माणूस उरलेला नाही, अशा माणसाची गोष्ट या घरात होती. गेन्लीचं एकटेपण वाचताना ते मला आठवल्याशिवाय राहत नाही.

शत्रूच्या कवितेवर प्रेम

आर्केडी मार्टिन यांच्या 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (2019) मध्ये बाजू उलटी आहे. इथे दूत लहान जगाची आहे. माहित द्झमारे ही एका छोट्या अंतराळ स्थानकाची राजदूत म्हणून एका अवाढव्य साम्राज्याच्या राजधानीत येते. साम्राज्याने आपलं स्थानक गिळू नये, एवढंच तिचं काम. तिच्या मेंदूत आधीच्या राजदूताच्या आठवणी बसवलेल्या आहेत, पण त्या 15 वर्षं जुन्या. मधल्या काळात त्याने काय वचनं दिली, कुणाशी हातमिळवणी केली, हे तिला ठाऊक नाही. तो मेलाय आणि त्याचं प्रेत तिला ओळखीसाठी दाखवलं जातं. आधीच्या अधिकाऱ्याची अर्धवट फाईल हातात घेऊन नव्या जागी रुजू झालेल्या कुणालाही तिची अवस्था कळेल.

पण खरी गुंतागुंत वेगळी आहे. माहितला साम्राज्य आवडतं. लहानपणापासून तिने त्यांच्या कविता पाठ केल्या आहेत. त्यांच्या भाषेत 'जग', 'राजधानी' आणि 'साम्राज्य' या तिन्हींना एकच शब्द आहे. म्हणजे साम्राज्याबाहेरचं ते जगाबाहेरचं, आणि बाहेरची ती रानटी. ही भाषा ती प्रेमाने बोलते आणि त्याच भाषेत तिला स्वतःचं नाव 'रानटी' असं ऐकू येतं. मार्टिन या स्वतः बायझँटाईन साम्राज्याच्या अभ्यासक आहेत. आपली संस्कृती गिळणाऱ्या संस्कृतीच्याच प्रेमात पडलेल्या माणसांना त्यांनी हे पुस्तक अर्पण केलंय. 'सॉफ्ट पॉवर', म्हणजे संस्कृतीच्या ओढीने मिळणारी सत्ता, या शब्दावर कितीही भाषणं ऐकली तरी ती आतून कशी जाणवते, हे मला या कादंबरीने जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

लहान देशाकडे सैन्य नसतं, तेव्हा त्याच्याकडे काय असतं? माहिती असते. कादंबरीच्या शेवटी माहित हेच हत्यार वापरते. आम्हाला गिळण्यापेक्षा मोठा धोका तुमच्या दाराशी आहे, आणि तो कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे.

खोटं बोलता येत नाही तेव्हा

चायना मिएव्हिल यांच्या 'एम्बसीटाउन' (2011) मधले एरिएकी नावाचे परग्रहवासी दोन तोंडांनी एकाच वेळी बोलतात. त्या दोन आवाजांमागे एकच मन असेल तरच त्यांना ते बोलणं वाटतं, नाहीतर नुसता गोंगाट. ध्वनिमुद्रण ऐकवून भागत नाही. मग माणसं काय करतात? दोन-दोन माणसं जन्मापासून अगदी एकसारखी वाढवतात. एकच कपडे, एकच सवयी, नावही मिळून एकच. अशी जोडी म्हणजे एक राजदूत.

एरिएकींना खोटं बोलता येत नाही. त्यांच्या भाषेत शब्द वस्तूला चिकटलेला आहे, त्यामुळे जे नाही ते बोलताच येत नाही. 'अमक्यासारखं' असं म्हणायचं असेल तर तो प्रसंग आधी खरोखर घडवावा लागतो, म्हणून ते माणसांकडून प्रसंग करवून घेतात. ते खोटं बोलण्याच्या स्पर्धा भरवतात आणि अडखळत, धडपडत एखादं छोटं असत्य उच्चारायचा प्रयत्न करतात. पुढे एक वेगळ्या प्रकारची जोडी राजदूत म्हणून येते. दोन वेगळी मनं, जेमतेम जुळलेली. तिचं बोलणं ऐकून एरिएकींना नशा चढते, व्यसन लागतं आणि त्यांचं शहर कोसळायला लागतं.

आपल्याला वाटतं, दोन्ही बाजू नेहमी खरंच बोलल्या तर करार किती सोपे होतील. मिएव्हिल दाखवतात, की असं होत नाही. कारण प्रत्यक्ष मुत्सद्देगिरी बऱ्याचदा संदिग्धतेवर चालते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर 1967 मध्ये केलेला 242 क्रमांकाचा ठराव घ्या. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने माघार घ्यावी, असं त्यात आहे. सगळ्या प्रदेशांतून की काहींतून? इंग्रजी मजकुरात 'the' हे बारीकसं उपपद गाळलेलं आहे, त्यामुळे दोन्ही अर्थ निघतात. फ्रेंच मजकूर 'सगळ्या' कडे झुकतो. त्या एका उपपदावर आजही वाद घातला जातो. पण ते स्पष्ट केलं असतं तर ठराव एकमताने संमत झाला नसता.

संदिग्धता दोघांना ठाऊक असेल तोवर ती उपयोगी. एकालाच ठाऊक असेल तर ती फसवणूक होते. इथिओपिया आणि इटली यांच्यात 1889 मध्ये वुचालेचा तह झाला. त्याच्या 17 व्या कलमाचा अम्हारी मजकूर सांगत होता, की इथिओपियाचा सम्राट इतर देशांशी व्यवहार करताना इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन मजकूर सांगत होता, की ती घ्यावीच लागेल. म्हणजे देश इटलीच्या संरक्षणाखाली गेला. सम्राट मेनेलिक यांना हे कळल्यावर त्यांनी तह झुगारला आणि 1 मार्च 1896 ला अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला. एका क्रियापदाच्या भाषांतरातून युद्ध उभं राहिलं.

याच धाग्यावर आयझॅक आसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' (1951) मधला एक प्रसंग मला कायम लक्षात राहिलाय. साम्राज्याचा प्रतिनिधी लॉर्ड डॉर्विन हा एका दूरच्या, धोक्यात सापडलेल्या वसाहतीला भेट देतो आणि 5 दिवस भरघोस आश्वासनं देतो. वसाहतीचा महापौर त्याचं सगळं बोलणं तर्कशास्त्राच्या पद्धतीने तपासायला देतो. निरर्थक वाक्यं काढली, एकमेकांना छेद देणारी वाक्यं काढली. मागे काही उरलंच नाही. पाच दिवसांत त्या माणसाने एकही गोष्ट सांगितली नव्हती. शेजारच्या राज्याचा साम्राज्याशी झालेला तह तसाच तपासला, तर निष्पन्न निघालं, की राज्याची साम्राज्याप्रति कर्तव्यं शून्य आणि साम्राज्याचा राज्यावर अधिकार शून्य. मोठमोठ्या शब्दांत एका सत्तेचा अस्त लिहिलेला होता. एखाद्या परिषदेनंतरचं संयुक्त निवेदन वाचताना ही चाचणी करून बघा.

तहातली पळवाट

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (1965) मध्ये सम्राट, सरंजामी घराणी आणि अंतराळ वाहतुकीची मक्तेदारी असलेला संघ यांचा एकमेकांवर वचक आहे. या सगळ्यांना बांधणारा एक महाकरार आहे. माणसांवर अण्वस्त्र वापरायचं नाही. वापरलं तर बाकी सगळे मिळून तुमचा ग्रह नष्ट करतील. नायक पॉल अण्वस्त्र वापरतो, पण डोंगराची भिंत फोडायला. माणसांवर नाही, भूगोलावर वापरलं, असा त्याचा युक्तिवाद. अक्षर पाळलं, हेतू मोडला. 1967 च्या बाह्य अवकाश कराराकडे पाहिलं तर असाच प्रश्न पडतो. अण्वस्त्रं आणि इतर सामूहिक संहाराची शस्त्रं पृथ्वीच्या कक्षेत ठेवायला तो बंदी घालतो. कक्षेतल्या साध्या शस्त्रांबद्दल मात्र तो गप्प आहे. याच कराराने अंतराळवीरांना 'मानवजातीचे दूत' म्हटलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

सही करायला कुणीच नसेल तर?

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या 'द डार्क फॉरेस्ट' (2008) ने या विषयावरची सगळ्यात भयाण मांडणी केली आहे. विश्व म्हणजे एक काळोखं जंगल. प्रत्येक संस्कृती हातात बंदूक घेतलेला शिकारी. दुसरा चांगला आहे की वाईट हे दुरून कळत नाही. मी चांगला आहे असं तो मानतो की नाही, हे मला कळत नाही. मला ते कळत नाही हे त्याला कळतं की नाही, हेही कळत नाही. ही संशयाची साखळी अंतरामुळे कधीच तुटत नाही. त्यातून आज मागासलेली संस्कृती उद्या अचानक पुढे जाऊ शकते. म्हणून जो दिसेल त्याला संपवायचं आणि स्वतः गप्प राहायचं.

यातून नायक लुओ जी धाकाचं राजकारण उभं करतो. पृथ्वीवर चाल करून येणाऱ्या परग्रहवासीयांच्या ग्रहाचा पत्ता विश्वाला जाहीर करायची धमकी. त्यात पृथ्वीचाही पत्ता उघड होणार, म्हणजे दोघंही मरणार. शीतयुद्धातल्या अण्वस्त्रांच्या धाकाचं हे सरळ रूप आहे. धमकी खरी वाटायला हवी, तरच ती चालते, हा अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांच्या 1960 च्या 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' मधला मुद्दा या मालिकेच्या पुढच्या खंडात अंगावर येतो. धमकीचं बटण लुओ जीच्या हातून एका सहृदय तरुणीच्या हाती जातं आणि काही मिनिटांत हल्ला सुरू होतो. ही बटण दाबणार नाही, हे शत्रूने ओळखलेलं असतं.

कादंबरी म्हणून ही मालिका थोर आहे. पण काळोख्या जंगलाला लोक अलीकडे आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धांत म्हणून वापरू लागलेत, तिथे मला ठामपणे थांबवावंसं वाटतं. लिऊ यांच्या जंगलात बोलणंच शक्य नाही, हे गृहीत धरलंय. पृथ्वीवर कट्टर शत्रूंनीही बोलायची वाट शोधली. ऑक्टोबर 1962 च्या क्युबा पेचप्रसंगात, अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या काठावर असताना, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं एक लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण मिळून, उलगडून वाचलं जायला जवळजवळ 12 तास लागले. त्या तासांत काहीही घडू शकलं असतं. म्हणून 1963 मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन राजधान्यांत थेट दुवा जोडला गेला. चित्रपटांत दिसतो तसा लाल टेलिफोन तिथे नव्हता, तारेने जोडलेली टंकलेखन यंत्रं होती, कारण बोललेल्या शब्दाचं भाषांतर घाईत चुकू शकतं. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

या दुव्याची कल्पना मांडणाऱ्यांत एक होते पदार्थवैज्ञानिक लिओ झिलार्ड. 1960 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते ख्रुश्चेव्ह यांना भेटले तेव्हा त्यांनी अशा थेट संपर्काची गोष्ट काढली होती. आणि याच झिलार्ड यांनी 1932 मध्ये वेल्स यांची 'द वर्ल्ड सेट फ्री' वाचली होती. 1914 ची ही कादंबरी. तिच्यात अणुबॉम्बने शहरं जळतात आणि नंतर जगातले राज्यकर्ते ब्रिसागो इथे, तळ्याकाठी, एकत्र येऊन जगाचं एकच सरकार उभारतात. पुढच्याच वर्षी झिलार्ड यांना अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. नंतर उरलेलं आयुष्य त्यांनी त्या अस्त्रांना आवर घालण्याच्या प्रयत्नांत घालवलं आणि 1961 मध्ये स्वतःच निःशस्त्रीकरणावर विज्ञानकथा लिहिली, 'द व्हॉइस ऑफ द डॉल्फिन्स'. कथेतून विज्ञानाकडे, विज्ञानातून राजकारणाकडे, तिथून पुन्हा कथेकडे गेलेला इतका स्पष्ट धागा मला दुसरा माहीत नाही.

उलट दिशेने आलेलेही आहेत. विनोदी मुत्सद्दी रेटिफच्या गोष्टी लिहिणारे कीथ लॉमर अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होते, ब्रह्मदेशात काम केलेले. 'कॉर्डवेनर स्मिथ' या टोपणनावाने लिहिणारे पॉल लाइनबार्गर हे मानसशास्त्रीय युद्धतंत्राचे तज्ज्ञ होते.

परग्रहवासी नसले तरी हा विषय उभा राहतो. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' (2020) मध्ये पॅरिस हवामान कराराखाली झुरिकमध्ये एक छोटं मंत्रालय स्थापन होतं. पुढे जन्माला येणाऱ्या माणसांची बाजू मांडायची, हे त्याचं काम. ज्यांची वकिली करायची ते अजून अस्तित्वातच नाहीत. कादंबरीची सुरुवात भारतातल्या उष्णतेच्या लाटेने होते. तिच्यात सुमारे 2 कोटी माणसं मरतात आणि भारत इतर देशांच्या परवानगीची वाट न पाहता आकाशात सूक्ष्म कण फवारून सूर्यप्रकाश रोखायला सुरुवात करतो. हा करारभंग की स्वसंरक्षण? रॉबिन्सन बाजू घेत नाहीत, आणि ती पानं वाचताना मलाही घेता आली नाही.

यातलं काही वाचायचं ठरवलं तर सुरुवात 'फाउंडेशन' च्या पहिल्या दोन भागांनी करा, ते सोपे आहेत. 'एम्बसीटाउन' मागे ठेवा, तिची पहिली शंभर पानं दमवतात. ले ग्विन यांची कादंबरी मात्र सलग काही दिवस मोकळे असतील तेव्हाच हातात घ्या आणि शेवटचं प्रकरण घाईत संपवू नका. तिथे ग्रह संघात सामील झालाय, यान उतरलंय, दूताचं काम फत्ते झालंय. आणि गेन्ली एस्त्रावेनच्या घरी गेलाय, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांकडे त्याची रोजनिशी पोचवायला. सरहद्दीवर पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेलेल्या त्या माणसावरचा देशद्रोहाचा डाग अजून पुसलेला नाही. एस्त्रावेनचं तरुण मूल समोर बसलंय. ते विचारतं, तो कसा मेला ते सांगाल का? आणि मग, ताऱ्यांमधल्या त्या दुसऱ्या जगांबद्दल, तिथल्या दुसऱ्या माणसांबद्दल सांगाल का?